वसईच्या मोहिमेंतील साधा शिपाई आणि त्याचें घर

वसईच्या मोहिमेवर मराठींत थोडें लिहिलें गेलें, अशी तक्रार कोणासही करतां यावयाची नाहीं. रियासतकार सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराचा सोळावा खंड या मोहिमेलाच वाहिलेला आहे. पारसनिसांनीं प्रसिद्ध केलेल्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत तिचे पडसाद ऐकूं येतात. य. न. केळकर यांचें ‘वसईची मोहीम’ हें पुस्तक १९३७ सालीं, म्हणजे मोहिमेच्या आरंभास बरोबर दोनशें वर्षें झालीं तेव्हां, बाहेर पडलें. आणि फिरंगी बाजूचे कागद डॉ. पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दप्तरांतून उजेडांत आणिले. या सर्व साहित्यांत चिमाजी अप्पा, शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर, रामचंद्र हरि पटवर्धन, बाजी भिवराव रेठरेकर हीं नांवें पानोपानीं भेटतात. परंतु ज्यांनीं मोर्चे खणले, शिड्या खांद्यावर वाहिल्या, आणि ज्यांची सर्व गणती ‘लोक’ या एका शब्दांत आटोपली, ते कोण, कोठले, आणि ते मोहिमेवर असतां त्यांच्या घरीं मागें काय चाललें होतें, हा प्रश्न फारसा कोणीं विचारलेला नाहीं. तो प्रस्तुत लेखांत भिवंडीच्या बाजूनें विचारावयाचा आहे.

भिवंडीच्या बाजूनें म्हणण्यास कारण आहे. कल्याण व भिवंडी हीं दोन्ही ठाणीं शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं घेतलीं. पुढें तीं मोगलांकडे गेलीं, आणि १७१९-२० च्या सुमारास कल्याण प्रांत पुन्हां मराठी अमलाखालीं आला. वसई मात्र १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें फिरंग्यांस दिली, तेव्हांपासून दोनशें वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडे राहिली. साष्टी बेटाचीही तीच गत. त्यामुळें अठराव्या शतकाच्या आरंभीं उल्हास नदी आणि तिच्या खाड्या हीच दोन राज्यांमधील सरहद्द होऊन बसली होती. सरहद्द हा शब्द नकाशावर फार ठळक दिसतो. खाडीकाठच्या माणसाला ती एका भरतीओहोटीचें पाणी होतें. पलीकडच्या तीरावर त्याचे सोयरे होते, शेत होतें, क्वचित् कुलदेवतेचें स्थानही होतें. आणि तेथें जावयाचें तर फिरंग्याचा परवाना व फिरंग्याचा धाक. ज्या युद्धाला पुण्याहून पाहिलें असतां तें एक ‘मोहीम’ दिसतें, तेंच खाडीकाठावरून पाहिलें कीं घरीं परत जाण्याची वाट दिसूं लागतें.

या वाटेवरचा सर्वांत ठाऊक असलेला माणूस म्हणजे अंजूरचे गंगाजी नाईक. अंजूर हें गांव भिवंडी तालुक्यांत खाडीच्या बाजूला आहे. गंगाजी व त्यांचे बंधू यांची हकीकत ‘साष्टीची बखर’ या लहानशा ग्रंथांत आली आहे. बखर म्हटली कीं दैवी प्रसादाच्या कथा आणि आपल्या घराण्याचा मोठेपणा हीं दोन्ही आलींच. तेवढा अंश बाजूस काढून ठेवावा. जो भाग उरतो तो मोलाचा आहे. फिरंग्यांच्या अमलांत हिंदु रयतेला होणारा जाच, त्यापायीं घरदार सोडून मराठी मुलुखांत येणें, कल्याणच्या सुभ्याकडे आणि पेशव्यांच्या दरबारीं वर्षानुवर्षें घातलेले हेलपाटे, आणि अखेरीस खाडीचे उतार, पहारे, गलबतें यांची बातमी पुरविणें, हा सर्व क्रम तींत आहे. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांचेंही नांव याच उद्योगांत येतें. हे लोक सरदार नव्हते. दरबाराच्या कारभारांत ते अर्जदार, रणांगणावर वाटाडे, आणि प्रसंग पडला तर शिपाई. शके १६५९ च्या चैत्रारंभीं, म्हणजे १७३७ सालीं, मराठे रात्रीं साष्टींत उतरले आणि ठाण्याचा अपुरा बांधलेला किल्ला त्यांनीं घेतला, त्या वेळीं असल्या बातमीचा उपयोग किती झाला असेल हें सांगावयास नको. किल्ल्याचा कोणता भाग अजून उभा राहिलेला नाहीं, हें ज्याला कळतें तो त्या किल्ल्याच्या सावलींत राहणारा असतो. शे-दोनशें कोसांवरून आलेला स्वार नव्हे.

आतां या दोनचार माहीतगार घराण्यांच्या मागें उभ्या असलेल्या हजारों माणसांकडे वळूं. वसईचें युद्ध घोडदळाचें नव्हतें. तीन बाजूंनीं पाणी व दलदल, जमिनीचा रस्ता काय तो उत्तरेकडून आणि तोही वाळूचा. अशा स्थळीं भाल्यावर भाकरी खाऊन शें-शें कोस दौडणाऱ्या स्वाराला काम थोडें. तेथें काम पायदळाचें, खणणाऱ्याचें आणि नावाड्याचें. घाटावरचे मावळे, दक्षिण कोंकणांतले हेटकरी, किनाऱ्यावरचे कोळी व भंडारी, सुरुंगासाठीं बेलदार व पाथरवट, अशी ती मिसळ होती. कागदांत पायदळाला ‘हशम’ म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ धन्याचा परिवार, चाकरमाणसें असा आहे. आपल्याकडे तो पायींच्या शिपायाला चिकटला. घोड्याचा धनी असेल तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि ज्याच्यापाशीं पायांवांचून दुसरें वाहन नाहीं तो हशम. दप्तराच्या हिशेबीं तो ‘असामी’, मोजावयाचा एक आंकडा.

परंतु हा आंकडा लिहून घेतांना कारकुनाला एका ठिकाणीं माणसाकडे पाहावेंच लागे. शिपाई चाकरीस राहिला कीं त्याची चेहरेपट्टी होत असे: नांव, बापाचें नांव, वय, वर्ण, अंगावरच्या खुणा. हेतु अगदीं व्यवहाराचा. हजिरीच्या दिवशीं एकाच्या जागीं दुसरा उभा राहून वेतन उचलूं नये. आज आपल्याला मात्र त्याच रुक्ष नोंदींत, व्रणाच्या किंवा तिळाच्या खुणेच्या शेजारीं, माणूस दिसतो. शत्रूवर मिळविलेल्या विजयाचीं पत्रें लिहिणाऱ्या मुत्सद्द्यांनीं हा माणूस कोठेंही दाखविलेला नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकानें पत्र व हिशेब यांची प्रतवारी लावतांना हें ध्यानांत ठेवावें, असें माझें मत आहे.

वेतन मिळे, पण तें केव्हां हा प्रश्न निराळा. बाजीराव पेशव्यांची कर्जें आणि सावकारांच्या तगाद्यामुळें त्यांनीं ब्रह्मेंद्रस्वामींपाशीं काढलेले कष्टी उद्गार सर्वांस परिचित आहेत. धनीच ऋणांत, तेव्हां चाकराच्या हातीं रोकड वेळेवर कशी पडणार? पोटापुरता रोजमुरा मिळावयाचा आणि बाकीचें तुंबावयाचें, हा त्या काळच्या फौजांचा सर्वत्र अनुभव. रोजमुऱ्यावर शिपाई जगतो. त्याचें घर जगत नाहीं. घर जगतें तें शेतावर. म्हणून साध्या शिपायाची चाकरी ही शेतीच्या वर्षाशीं घट्ट बांधलेली असे, आणि वसईच्या मोहिमेचें खरें कोडें येथेंच आहे.

मराठी फौजांचें वर्ष दसऱ्याला सुरू होई व मृगापूर्वीं संपे. देशावर ही वांटणी बरी बसते. कोंकणांत व मावळांत तशी बसत नाहीं, कारण तेथें भात पिकतें. भाताची कापणी दसऱ्यानंतरची. झोडणी-मळणी त्याहून पुढें. म्हणजे सीमोल्लंघन करून मोहिमेस निघालेला मावळा उभें पीक टाकून निघतो आणि कापणी म्हातारे, बायका व पोरें यांच्या माथीं पडते. पुढें चैत्र-वैशाखांत राब भाजावयाची वेळ. तोपर्यंत तो परत आला तर ठीक. न आला तर पाऊस थांबत नाहीं. आवणी चुकली कीं वर्ष बुडालें. ही घडी साधारण मोहिमेंतही ओढाताणीची. वसईच्या लढ्यानें तर ती दोन वर्षें मोडूनच टाकली. १७३७ च्या चैत्रांत काम सुरू झालें, पण वसईचा कोट हातीं आला नाहीं. त्या पावसाळ्यांत शिड्या लावून केलेले एल्गार फसले. ज्या दिवसांत माणसानें गुडघाभर चिखलांत वांकून रोप लावावयाचें, त्या दिवसांत तो गुडघाभर चिखलांतच, पण शिडी घेऊन, परक्या तटाखालीं उभा होता. दुसरा पावसाळाही तसाच गेला. १७३८ च्या अखेरीस फिरंग्यांनीं ठाणें परत घेण्याचा यत्न केला आणि त्यांचा सेनापति पेद्रु द मेलु तेथें पडला. १७३९ च्या जानेवारींत तारापूर पडलें, आणि फेब्रुवारींत चिमाजी अप्पांनीं खुद्द वसईला निकराचा वेढा घातला.

छावणींतला शिपाई आणि आसपासचा कुणबी यांचें नातें पावसाळ्यांत किती नाजूक होतें, याविषयीं शिवाजी महाराजांचें १६७३ सालचें चिपळुणाकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस लिहिलेलें पत्र जाणत्यांस ठाऊक आहे. दाणा-वैरण पाऊस संपेपर्यंत पुरवून वापरा, रयतेच्या भाजीच्या देंठासही हात लावूं नका, रात्रीं दिवा जळत ठेवूं नका, उंदीर पेटती वात नेऊन गवत जाळील, असा त्याचा आशय आहे. इतक्या बारकाईनें लिहावें लागलें, याचाच अर्थ घरापासून अडकून पडलेला शिपाई दुसऱ्याच्या घराला भार होतो, हें महाराजांनीं पुरतें ओळखलें होतें. वसईभोंवतालच्या गांवांनीं दोन पावसाळे हा भार सोसला. तींच गांवें सोडविण्यासाठीं युद्ध होतें, ही त्यांतली आणखी एक गोष्ट.

या दृष्टीनें अखेरच्या हल्ल्याची तिथि पाहण्यासारखी आहे. शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर, वैशाख शुद्ध पक्ष. नव्या गणनेनें १३ मे १७३९ रोजीं सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडविले गेले व एल्गार झाला. इंग्रज त्या वेळीं जुनें पंचांग पाळीत, त्यांच्या कागदांत हीच तारीख २ मे अशी येते, आणि या अकरा दिवसांच्या फरकानें पुष्कळ लेखकांचा घोटाळा केला आहे. अक्षय्य तृतीया दोन-तीन दिवसांपूर्वींच होऊन गेली होती. मृग तीन आठवड्यांवर आला होता. इतक्या उशिरां, इतक्या त्वेषानें हल्ला कां, याचें उत्तर अप्पांच्या जिद्दींत शोधण्याची आपली रीत आहे. किल्ला हातीं येत नसेल तर माझें मस्तक तोफेनें किल्ल्यांत उडवा, असें ते म्हणाल्याची आख्यायिका घरोघरीं सांगतात. जिद्द होतीच. परंतु तिसरा पावसाळा जर मोर्चांत काढावा लागता तर ती फौज एकत्र राहती काय? मला तसें वाटत नाहीं. जून उजाडतांच मावळ्याच्या मनांत शेताचा बांध उभा राहिला असता, आणि मग ना रोजमुरा, ना हुकूम. सेनापतीच्या जिद्दीला या हजारों घरांच्या निकडीची धार होती, असें मी समजतों. आकाश भरून येण्यापूर्वीं निकाल लागावा, ही इच्छा अप्पांइतकीच शिडीच्या शेवटच्या पायरीवरील माणसाचीही होती.

निकाल लागला, तो भयंकर रीतीनें. कांहीं सुरुंग वेळेवर पेटले नाहींत. पडलेल्या तटावर आपले लोक चढत असतां ते उडाले आणि चढणारे त्यांत गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं, १६ मे रोजीं, फिरंग्यांनीं तहाचें बोलणें लावलें. आठवड्यानंतर, २३ तारखेस, ते आपलीं बायकामुलें व सामान घेऊन मानानें बाहेर पडले. वेढ्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत मराठ्यांकडील मेलेले व जखमी मिळून पांच हजारांहून अधिक, हा मराठ्यांनीं स्वतः दिलेला आंकडा ग्रँट डफनें नमूद केला आहे, फिरंग्यांकडील आठशें. पांच हजार. या एका शब्दांत पांच हजार घरें आलीं.

येथें दोन कागदांची तुलना करावीशी वाटते. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडला. तो पेशव्यांच्या घरोब्यांतला. त्याच्या मातोश्रीस पेशव्यांकडून सांत्वनाचें पत्र गेलें. तुमचा पुत्र गेला, आतां मलाच तो समजावें, असा त्याचा भाव. हें पत्र वाचतांना आजही डोळे ओले होतात, आणि तें छापलें गेलें हें योग्यच झालें. त्याच तटाखालीं पडलेल्या हशमाच्या आईला पत्र गेलें नाहीं. तिला वाचतांही आलें नसतें. तिच्यासाठीं सरकारांत जी व्यवस्था होती तिचें नांव ‘बालपरवेशी’. चाकरींत पडलेल्या शिपायाच्या मुलांच्या पालनासाठीं रोख नेमणूक किंवा जमीन देणें म्हणजे बालपरवेशी. शब्द अर्धा आपला, अर्धा फारसी. पण त्यांत ‘बाल’ पुढें आहे, ही गोष्ट मला नेहमीं सुखावते. मेलेल्याची स्तुति नाहीं, विधवेचें सांत्वन नाहीं. मागें राहिलेलें पोर वाढलें पाहिजे, एवढाच व्यवहार.

ही कल्पना फारसी अमदानींतली आहे असें कोणी समजूं नये. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत, भृत्यभरणीय नांवाच्या प्रकरणांत, कामावर मृत झालेल्यांच्या पुत्रांस व भार्येस अन्न व वेतन मिळावें असें स्पष्ट सांगितलें आहे. त्यांच्या घरचीं मुलें, म्हातारे व आजारी यांच्यावर अनुग्रह करावा, आणि मृत्यु, आजार, बाळंतपण अशा प्रसंगीं द्रव्य व मान द्यावा, असेंही पुढें म्हटलें आहे. हा ग्रंथ स्वतःच किती थोडक्यांत वांचला पाहा. तंजावर प्रांतांतल्या एका पंडितानें एक हस्तलिखित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आणून दिलें, शामशास्त्र्यांनीं १९०५ मध्यें तें ओळखलें, आणि १९०९ मध्यें तें छापलें गेलें. तें बाड त्या पंडितानें पाण्यांत सोडलें असतें तर राज्यानें शिपायाच्या घराशीं कसें वागावें याविषयींचें आपल्याकडचें एक अति जुनें वचन कायमचें गेलें असतें.

बालपरवेशीचे कागद मात्र असमान वांचले, आणि त्याचें कारण समजून घेतल्यावांचून त्यांवरून अनुमानें काढूं नयेत. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें घरोघरच्या इनामांचे पुरावे मागितले. ज्याच्याकडे जमीन होती त्यानें जीर्ण कागद संदुकीच्या तळांतून काढून हजर केले, त्यांच्या नकला झाल्या, तीं प्रकरणें दप्तरीं बांधलीं गेलीं. ज्या विधवेला वर्षाकाठीं चार रुपये रोख मिळत होते तिच्या नातवापाशीं दाखविण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि कोणीं त्याला विचारलेंही नाहीं. तात्पर्य, जमिनीबरोबर कागद राहिला, रोकडीबरोबर गेला. दप्तरांत जमिनीवाल्यांचीं प्रकरणें अधिक दिसतात म्हणून सरकार जमीनच अधिक देत होतें, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल.

मग ज्याला ना जमीन मिळाली, ना पत्र, त्याची कांहींच खूण घरीं राहिली नाहीं काय? राहिली आहे, पण ती कागदावर नाहीं. महाराष्ट्रांतल्या कित्येक घरांच्या देव्हाऱ्यांत इतर टाकांबरोबर एक ‘वीर’ असतो. चांदीच्या लहानशा पत्र्यावर घोडेस्वाराची किंवा ढालतलवार घेतलेल्या पुरुषाची आकृति. घरांतलीं माणसें सांगतात, हा आमचा पूर्वज, लढाईंत पडला. कोणत्या लढाईंत, तें बहुधा सांगतां येत नाहीं. नांवही गेलेलें असतें. तरी सणावारीं त्याला स्नान घडतें, गंध लागतें, नैवेद्य मिळतो. शिलाहारकालीन वीरगळांची गोष्ट याहून निराळी नाहीं. बोरिवलीजवळ एकसर येथें जे वीरगळ आहेत त्यांवर गलबतांची झुंज अप्रतिम कोरली आहे, पडलेल्या वीराला अप्सरा स्वर्गीं नेत आहेत. पण तो वीर कोण, हें दगड आज सांगत नाहीं. पूजा टिकते, नांव टिकत नाहीं, हा आपल्या देशाचा जुना क्रम.

नांवाचा हा प्रश्न जुन्या राज्यांपुरता होता असें मात्र नव्हे. १९१५-१६ च्या हिंवाळ्यांत तैग्रिस नदीकांठीं कुत-अल-अमारा येथें पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. तिच्यांत १०३ वी, ११० वी व ११७ वी या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं अन्न संपून शरणागति झाली आणि वांचलेले वाळवंटांतून कैदेंत चालले. मेसोपोटेमियाच्या या युद्धांत पडलेल्या, व ज्यांचें थडगें ठाऊक नाहीं अशांसाठीं बसरा येथें इंग्रजांनीं १९२९ मध्यें मोठें स्मारक उभारलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचींही आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या कोरली. थडग्यांची देखरेख करणाऱ्या कमिशननें २०२१ सालीं स्वतःच चौकशी करून ही विषमता कबूल केली. याच सरकारच्या आधींच्या पिढीनें कोरेगांवच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईंतील साध्या शिपायांचीं नांवें खोदविलीं होतीं. म्हणजे नांव लिहिण्याची कला अवगत होती. इच्छा झाली तेथें लिहिलें, नाहीं तेथें बेरीज केली. वसईच्या पांच हजारांची बेरीज करणाऱ्या आपल्या कारकुनांस दोष देतांना हें लक्षांत असावें.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावांचून पुढें जावत नाहीं. तटाच्या आंत जे लढले ते सगळेच पोर्तुगालहून आलेले नव्हते. त्यांच्या चाकरींत याच भूमीचे पुष्कळ लोक होते, कांहीं पिढ्यांपूर्वीं बाटलेले, कांहीं न बाटलेलेही. २३ मे रोजीं गलबतांत बसून गेले ते साहेबलोक. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यानें कोठें जावें? तो राहिला. त्याचे वंशज आजही वसईस बागाईत करून आहेत आणि त्यांची सामवेदी बोली मराठीचीच बहीण आहे. फिरंग्यांच्या देवळांतल्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळांत त्यांतली एक लोंबते, आणि तिच्याविषयीं आमच्या संशोधकांनीं भरपूर लिहिलें आहे. ती घंटा ज्यांच्यासाठीं वाजत असे त्यांच्या घरांतल्या जुन्या कागदांकडे, त्यांच्या प्रार्थनामंदिरांतल्या जन्म-मृत्यूच्या वह्यांकडे, आमच्यापैकीं फारच थोडे वळले. वसईच्या शिपायाचें घर पाहावयाचें असेल तर तटाच्या दोन्ही बाजूंचें पाहिलें पाहिजे.

आतां संग्राहकांस दोन शब्द. भिवंडी-कल्याणकडील जुने वाडे झपाट्यानें पडत आहेत आणि त्यांच्या जागीं गुदामें उभीं राहत आहेत. वाडा पडतो तेव्हां माळ्यावरचा रुमाल खालीं येतो. त्यांतलीं शिक्क्याचीं पत्रें कोणीतरी उचलतो, कारण त्यांना बाजार आहे. उरलेले हजिरीचे बंद, रोजमुऱ्याचे तपशील, कीर्दीचे सुटे ताव ‘फुटकळ हिशेब’ म्हणून रद्दींत जातात. माझी विनंती अशी कीं रुमाल फोडूं नये. कागद ज्या क्रमानें दोऱ्यांत ओवले असतील तो क्रम मोडूं नये, कारण हिशेबाच्या एका बंदाला एकट्याला अर्थ नसतो. शेजारच्या बंदावरचा महिना आणि साल मिळून तो बोलूं लागतो. कागद कोणत्या गांवच्या कोणत्या घरांतून आला, हें वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून त्याच रुमालांत ठेवावें. पाठीवरचा शेरा समोरच्या मजकुराइतकाच जपावा. ‘जाया’ एवढी दोन अक्षरें पुष्कळदां तेथेंच असतात. आणि त्याच घरीं देव्हाऱ्यांत वीराचा टाक असेल तर त्याची नोंद कागदांच्या नोंदीशेजारींच करावी. नांव एकीकडे आणि पूजा दुसरीकडे, अशा दोन तुटलेल्या टोकांची गांठ एखाद्या गांवीं बसण्याचा संभव आहे. पण तो टाक व तो रुमाल एकाच घरांतले होते, हें कोणीं तरी लिहून ठेविलें असेल तरच.

या युद्धाचें एक ठळक स्मारक भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या परिसरांत वडवली येथें आहे, तें म्हणजे वज्रेश्वरीचें देऊळ. वसई हातीं आल्यास देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांनीं देवीस नवस केला होता, आणि जय मिळाल्यावर तो फेडला गेला, असें परंपरा सांगते. देऊळ टेकाडावर, किल्ल्यासारख्या तटानें वेढलेलें. चढावयास बावन्न पायऱ्या. पुढें बडोद्याच्या गायकवाडांनीं नगारखाना उभारला. देवीची मोठी यात्रा चैत्री अमावास्येस भरते. १७३९ सालीं ही अमावास्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेर आली होती. त्यानंतर आठवड्याच्या आंत सुरुंगांना बत्ती दिली गेली.